बिब्बा लावलेला गुडघा

सोमवार, २० जानेवारी

आज डॉक्टर इनामदारांनी मला माझं हाड दाखवलं. शनिवारी एका मोठ्या कड्यासारख्या यंत्रात झोपवून पायाचे फोटो काढले होते. त्यांवरून कॉम्प्युटरने माझा अख्खा उजवा पाय पडद्यावर उभा केलाय. कातडी नाही, मांस नाही. डॉक्टर फिरवतील तसा फिरतो. गुडघ्यात जिथं फट हवी तिथं हाडावर हाड टेकलंय. आणि मांडीचं हाड मधेच वाकलेलं. ते मला लगेच ओळखू आलं. एकोणनव्वद साली ह्यांच्या लुनावरून अक्कलकोट रोडला पडले होते, तेव्हा ते वाकडंच जुळलं. हे असते तर म्हणाले असते, बंद करा तो टीव्ही. त्या पडण्याचा विषय ह्यांना शेवटपर्यंत नको असायचा.

डॉक्टर म्हणाले, "काकू, या वाकामुळंच यंत्र वापरायचंय. एरवी मांडीच्या हाडाच्या पोकळीत सरळ सळई घालून माप घेतात. तुमच्या हाडात सळई जाणार नाही. कॉम्प्युटरला ती लागत नाही."

"म्हणजे कापणार कोण? तुम्ही की ते?"

"मीच. करवत यंत्राच्या हातात, आणि यंत्राचा हात माझ्या हातात. आधी ठरवलेल्या रेघेबाहेर मी जायला लागलो की करवत थांबते."

"आणि लाइट गेली तर?"

"आई!" आशिष म्हणाला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "बॅटरी आहे. तीही दगा देईल म्हणून जुनी हत्यारं शेजारी मांडलेली असतात. वेळ जास्त लागेल, एवढंच. वीस वर्षं त्यांच्यावरच काढलीत."

माणूस बरा वाटला. चार फेब्रुवारीची तारीख दिली.

येताना रिक्षात आशिषने परत तेच काढलं. तो टेंभुर्णीला बँकेत आहे. म्हणाला, "हे ऑपरेशन झालं नाही तर मी तुला टेंभुर्णीला नेणार, आई. आता ऐकणार नाही." त्याचं चूक नाही. दिवाळीच्या आधी मी मोरीत पडले, दीड तास तशीच. दोन घरं सोडून राहणाऱ्या बसव्वाने हाक ऐकली म्हणून. टेंभुर्णीचं घर चांगलं आहे, सूनही चांगली आहे. पण तिथं मी चहा करायला उठले तरी "आई, तुम्ही बसा" म्हणतात. हे घर मला मरेपर्यंत सोडायचं नाही, आणि त्यासाठी पाय हवाय. हिशेब सरळ आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी

भूक नाही. हवा बदललीय. काल आमटीत मीठ दोनदा पडलं.

दुपारी कपाटातून ह्यांची दवाखान्याची फाइल काढली. रक्तगटाचा कागद हवा होता. माझा रक्तगट ह्यांच्या फाइलीत कशाला असेल, हे नंतर लक्षात आलं. परत ठेवून दिली.

मंगळवार, २८ जानेवारी

दवाखान्यातल्या श्रावणी सिस्टरने ऑपरेशनआधी काय करायचं, काय नाही, त्याचा मराठीत छापलेला कागद दिलाय. संध्याकाळी बसव्वा आली, तिला वाचून दाखवला. ती एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला जाते. अक्षरओळख नाही. रेशनची नोटीस असो की भाचीचं पत्र, वीस वर्षं मीच वाचून दाखवते. मी तरी कुठं शिकले? तिसरीत शाळा सुटली. हे शाळेत कारकून होते, तिथली रद्दीत निघालेली पुस्तकं घरी आणायचे. त्यांवर बसून बसून वाचायला आलं. आता छापलेलं काही समोर आलं की वाचल्याशिवाय सोडवत नाही.

"तिसरं. नखं कापावीत, नखांचा रंग काढावा."

"अय्य यव्वा! तुमच्या नखाला रंग कुटला अक्का? चुन्याचा?"

"चौथं. सोन्याचे दागिने घरी ठेवावेत."

"ते बेस हाय. माज्याकडं ठिवा. मी जाते पळून अक्कलकोटला."

खूप दिवसांनी हसले. सहा मुद्दे वाचले. सातवा वाचायचा राहिला, गॅसवर दूध होतं, उतू जाईल म्हणून उठले. मग आठवा, नववा वाचला.

शुक्रवार, ३१ जानेवारी

गुडघा सकाळपासून ठणकतोय. बसव्वाला म्हटलं, बिब्बा लाव. तिची आई अख्ख्या गावाला बिब्बा लावायची, तिचाही हात बसलेला आहे.

"आता? चार दिसांवर आप्रेशन आलं की."

"चार दिवस दुखतंय त्याचं काय?"

"डाक्टर वरडंल. त्या कागदात काय लिवलंय मग?"

"तुला वाचून दाखवला ना."

ती जरा वेळ माझ्याकडं बघत बसली. मग घरून डबी घेऊन आली. सुईला बिब्बा टोचला, समईवर धरला, तेल सुटलं तसं गुडघ्याच्या कडेनं ठिपके दिले. पाच झाल्यावर थांबली. मी म्हटलं, अजून लाव. नऊ झाले.

आता बरं वाटतंय. जुन्या औषधात गुण असतो, उगाच नावं ठेवतात.

शनिवार, १ फेब्रुवारी

फोड आलेत, पाणी धरलंय. साडी लागली की आग होते. आशिषला फोनवर सांगितलं नाही. त्याला कामाचा व्याप.

सोमवार, ३ फेब्रुवारी

घरीच आहे. उद्याचं ऑपरेशन पुढं ढकललं.

सकाळी भरती व्हायला गेलो. श्रावणी सिस्टर पाय तपासायला आली. चुणचुणीत मुलगी, फोनवर आईशी तेलुगूत बोलते, आमच्याशी मराठीत. साडी गुडघ्यावर घेतली आणि तिचा हात थांबला.

"आजी, हे काय केलंत? सातव्या नंबरला लिहिलंय की! बिब्बा, डागण्या, लेप, काही म्हणजे काही लावायचं नाही. आपल्याकडचे पेशंट हेच करून येतात म्हणून सरांनी मुद्दाम ठळक छापून घेतलंय."

डॉक्टर आले. वाकून नीट बघितलं. आवाज चढवला नाही, पण काकूही म्हणाले नाहीत. "आत धातू बसवायचाय. वरची कातडी अशी फुटलेली. इथून जंतू आत गेले तर बसवलेलं सगळं परत काढावं लागतं. यंत्र मापात चुकणार नाही, पण या फोडांपुढं त्याचा काही उपयोग नाही." पाच आठवडे थांबायला सांगितलं. जाता जाता विचारलं, "कुणी लावलं?"

आशिष म्हणाला, "कोण लावणार! शेजारची बसव्वा."

मी काही बोलले नाही.

घरी आल्यावर आशिष तडक तिच्या दारात गेला. ती नुकतीच कामावरून आलेली, डबा हातातच होता. मी मागनं काठी टेकत जाईपर्यंत त्याचं सुरू झालं होतं. "अक्कल आहे का तुला? उद्या ऑपरेशन, आणि तू चटके देतेस? अडाणी ते अडाणीच!" लहानपणापासून तो तिला मावशी म्हणतो. आज अगं-तुगं.

बसव्वाने माझ्याकडं बघितलं. बरंच बघितलं. मग त्याला म्हणाली, "चुकलं साहेब."

साहेब.

गल्लीतल्या दोघी-तिघी बाहेर येऊन उभ्या होत्या. मी परत फिरले. उन्हात फार उभं राहवत नाही.

घरी येऊन दोन चपात्या खाल्ल्या, वर भात. किती दिवसांनी भूक लागली.

रविवार, ९ फेब्रुवारी

बसव्वा आली नाही. पाळी बदलली असेल. मोरीत जाताना आता मी दाराची कडी न लावता जाते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

फोड वाळतायत. डॉक्टरांनी नवी तारीख दिली, अकरा मार्च. पण आशिषला बाजूला घेऊन, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "ऑपरेशननंतर दीड महिना जखम जपायची असते. त्या बाई येत-जात असतील तर आईंना तिथं ठेवू नका. परत काही लावलं तर मी जबाबदार नाही."

आशिषने वाटेतच ठरवून टाकलं. दवाखान्यातून थेट टेंभुर्णी. घराला कुलूप. "मग बघू आई, कुणाला भाड्यानं देता येईल."

म्हणजे पाय मिळणार आणि घर जाणार. पाय घेऊन मी कुठं चालू?

तेव्हाच बोलायला हवं होतं. रिक्षावाल्याला म्हटलं, सावकाश घ्या, खड्डे आहेत.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज बसव्वाकडं गेले. दोन घरांचं अंतर, तीनदा भिंतीला टेकले. ती उंबऱ्यात बसून तुरी निवडत होती. या म्हणाली नाही. मी उभीच.

"येत का नाहीस?"

"मी अडाणी. माज्या हातानं काय बी होतंय."

"आशिष रागात बोलला गं. मनावर घेऊ नको."

"त्यो बोलला ते बोलला. त्याला ठाऊक तेवढं बोलला." सूप बाजूला ठेवलं तिनं. "तुमी कुटं बोललात?"

मी म्हटलं, "त्या दिवशी दूध उतू जात होतं, तो मुद्दा वाचायचा राहिला. नाहीतर तुला कळलं असतं."

"अक्का, मला वाचाय येत न्हाय, पन डोळं हायत. त्या दिशी गॅस बंद हुता. दूध तर मी जाताना आनून दिलं तुमाला. तुमी दूध म्हून उटलात आन ओट्यापाशी पाट करून हुबं ऱ्हायलात. मला वाटलं, रडाय गेल्यात. म्हून इचारलं न्हाय."

"आणि बिब्बा? मग लावलास कशाला?"

"तुमी म्हनलात म्हून. इतकी वर्सं तुमी वाचताय ते मी खरं मानतीय. त्या दिशीच खोटं कसं मानू?"

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. ती उठली, स्टूल आणून माझ्या मागं ठेवलं. "बसा. पडचाल, तर ते बी माज्याच नावावर जाईल."

गुरुवार, २० फेब्रुवारी

ही वही पतसंस्थेने फुकट दिलेली. कुणी वाचत नाही. तरी मी हिच्यात दूध लिहिलं. मागचं पान उघडून बघितलं, चांगलं वळणदार अक्षर काढून लिहिलंय.

आता खरं लिहिते. सातवा मुद्दा मी मनात वाचला होता. दोनदा. बिब्बा हा शब्द ठळक होता.

ह्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं, दोन वर्षं होतील श्रावणात. ह्यांना करायचं नव्हतं. म्हणत होते, आहे तसं चालू दे गोदावरी. मी म्हटलं, आता सगळं सुधारलंय, मी वाचलंय. डॉक्टरांनी कागद पुढं केला. दुसऱ्या बायका अंगठा देऊन मोकळ्या होतात, मी ओळ न ओळ वाचली. डॉक्टर म्हणाले, "समजलं ना सगळं?" मी म्हटलं, "हो, वाचलं." मला तेव्हा थोडा अभिमानच वाटला होता. खाली सही केली. हे तिसऱ्या दिवशी गेले.

तीन तारखेला भरती झाल्यावर मला तसाच कागद देणार होते. तो टळला, आणि मी दोन चपात्या खाल्ल्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बँकेला सुटी, आशिष आला होता. जेवण झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर जेवला नसता.

"बिब्बा मी लावायला लावला. कागदात नको लिहिलंय हे मला माहीत होतं. बसव्वाला माहीत नव्हतं."

तो हात धुऊन आला होता, टॉवेल तसाच हातात. "का?"

"मला ती सही करायची नव्हती."

"कसली सही?" मग त्याच्या लक्षात आलं. खुर्चीवर बसला. मला वाटलं ओरडेल. बराच वेळ टॉवेलची घडी घालत बसला, मोडली, परत घातली.

"आई, बाबांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बँकेत फोन केला होता मला. तू औषधं आणायला गेली होतीस. म्हणाले, तुझी आई करा म्हणते, तू काय म्हणतोस? माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हटलं, करून टाका बाबा, आई वाचून सांगते ते बरोबरच असतं." जरा थांबून म्हणाला, "मी अर्धा मिनिट पण बोललो नाही त्यांच्याशी."

हे मला माहीत नव्हतं. दीड-दोन वर्षं तो हे घेऊन टेंभुर्णीहून दर पंधरा दिवसांनी येतोय, आणि मला वाटायचं घराचं बघायला येतो.

मी त्याला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. तो म्हणाला, मग तुझं कसं चुकलं? मी उठून चहा केला.

संध्याकाळी तो बसव्वाकडं गेला. मी खिडकीतून ऐकत होते. माफी मागता येत नाही त्याला, बापासारखाच. दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, चहा आहे का?"

आत्ताच घरी प्यायला होता.

"अडाण्याच्या घरचा चा चालंल का साहेब?"

"चालेल."

"साकर कमी हाय."

"चालेल म्हटलं ना."

"मग भाईर का हुबा? चपला काढ की."

सोमवार, १० मार्च

दवाखान्यात. कातडी साफ आहे, नऊ काळे डाग राहिलेत. श्रावणी सिस्टरने एकेक मोजून बघितला.

डॉक्टरांनाही सांगितलं, बसव्वा शेजारी उभी असताना. लाज वाटली, पण सांगितलं. ते म्हणाले, "पेशंट असं करतात, काकू. कबूल कुणी करत नाही." मग बसव्वाकडं वळले. "म्हणजे मी तुमच्याबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं. आता कामाचं बोलू. जखमेभोवती लाली आली, सूज वाढली, पाणी आलं, ताप आला, तर लगेच फोन करायचा. लक्षात राहील?"

"लाली, सूज, पानी, ताप. ऱ्हाईल की. बोट बी लावनार न्हाय मी. नुसतं बघीन."

मग कागद आला. तीन पानं. सिस्टर म्हणाली, आजी, इथं आणि इथं. मी म्हटलं, थांब. बसव्वाला खाली बसवलं आणि मोठ्याने वाचलं. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना मारतात, यंत्राच्या कॅमेऱ्याला पाय कुठं आहे ते कळायला, तिथून हाड मोडू शकतं. यंत्र बंद पडलं तर ऑपरेशन नेहमीच्या पद्धतीनं पुरं करतील. जंतू. रक्ताची गाठ. सगळ्यात शेवटी एक शब्द होता, तोही वाचला. बसव्वाने पदर तोंडाला लावला, पण पुरतं ऐकलं.

डॉक्टरांना विचारलं, "माझ्या मालकांच्या वेळी मी सही केली. करायला नको होती का?"

"मी त्यांचा डॉक्टर नव्हतो. त्यांचं हृदय मी पाहिलेलं नाही. काही सांगितलं तर ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून असेल."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, सगळं देवाच्या हाती. यांनी नाही सांगितलं. मी सही केली. नातेवाइकाच्या जागी आशिषने केली.

भूक नाही. आज हवेवर ढकलत नाही.

बुधवार, १२ मार्च

थोडंच लिहिते, पडून लिहावं लागतं.

काल कमरेत इंजेक्शन दिलं. कमरेखालचं गेलं, पण मी जागी होते. मधे हिरवा पडदा. यंत्र मी पाहिलंच नाही, फक्त ऐकलं. सुताराकडच्यासारखी करवत चालायची, थांबायची. जळक्या केसांसारखा वास. डॉक्टर आकडे विचारायचे, कुणीतरी पडद्यावरचे आकडे वाचून दाखवायचं. "बाहेरून किती?" "दीड." "आतून?" "दोन." मग परत करवत. एकदा करवत बराच वेळ बंद राहिली. कुणी बोलेना. मला वाटलं, झालं, लाइट गेली.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "काकू, काही नाही, माप परत घेतोय. पटलं नाही मला. तुम्ही आहात ना जाग्या?"

"आहे," म्हटलं.

ह्यांना पूर्ण भूल दिली होती. ह्यांना कुणी विचारलं नसणार. विचारायची वेळच नव्हती. त्यासाठी मी तिथं पडल्या पडल्या पहिल्यांदा नीट रडले. डोक्याशी बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी कापसानं डोळे पुसले, विचारलं काही नाही.

बाहेर आणलं तेव्हा आशिष आणि बसव्वा एकाच बाकावर होते. बसव्वा म्हणाली, "बघा, तुमच्या पोरानं तीन तास माजा हात सोडला न्हाय. बोटं मोडायची ऱ्हायली. आता माजंच आप्रेशन करा."

आज सकाळी वॉकर धरून उभं केलं. दुखलं. वाईट दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. हा गुडघा अजून माझा वाटत नाही. पण पाय सरळ पडला. दारापर्यंत गेले आणि आले. आशिष बघत होता. टेंभुर्णीचं नाव त्याने काढलं नाही. बसव्वाला विचारत होता, मावशी, तुमची पाळी कितीची असते, सकाळी कोण असेल, मी महिनाभर शनिवार-रविवार येतो.

उद्या पायऱ्या चढवणार आहेत. सिस्टर म्हणाली, आधी तीनच. माझ्या घराला दोन आहेत.